खिडकीजवळचं टेबल

सोमवार, ३ मार्च

लंबूचा फोन. कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून घरातच आहे. आता काठी घेऊन चालायला लागलाय. डॉक्टरांनी बाहेर पडायची परवानगी दिली. म्हणाला, रविवारी सगळे मिळून ब्रंचला जाऊ, त्या हिरव्या दाराच्या रेस्टॉरंटमध्ये. पडून पडून मोबाइलवर तिथले फोटो पाहत होता म्हणे.

आमच्या जुन्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं. दातवाली लगेच तयार. ही कॉलेजात असल्यापासून दुसऱ्यांची दुखरी जागा शोधून तिथेच बोट ठेवते. डेंटिस्ट झाली हे योग्यच झालं. मास्तर म्हणाला, तिथे रविवारी रांग असते, लंबूला उभं राहवेल का?

मी म्हटलं, रांगेचं सोडा. मॅनेजर आपला माणूस आहे. खिडकीजवळचं टेबल मिळेल.

यात खोटं काही नाही. मॅनेजर आमच्या दुकानात चष्मा करायला आला होता. फ्रेम मीच दाखवली. नाकाला टोचत होती, तर नोजपॅड वाकवून सरळ केले ते मीच. जाताना म्हणाला, या कधीतरी. माणूस याहून जास्त काय म्हणणार?

मंगळवार, ४ मार्च

बायको म्हणाली, बुकिंग करून टाक. तिला या गोष्टी कळत नाहीत. ओळखीच्या ठिकाणी बुकिंग करणं म्हणजे ओळखीचा अपमान. तरी उद्या सहज फोन करीन. आगाऊ सूचना म्हणून.

बुधवार, ५ मार्च

फोन राहिला. नव्या चष्म्यातून जिन्याची प्रत्येक पायरी दोनदा दिसते अशी तक्रार घेऊन एक आजोबा आले होते. मान खाली घालून बघा, डोळे नको, हे त्यांना समजावण्यात दिवस गेला. आजोबांनी शेवटपर्यंत डोळेच खाली केले. काही लोकांना स्वतःची चूक दिसतच नाही.

गुरुवार, ६ मार्च

फोन केला. एका मुलीने उचलला. रविवारचं बुकिंग आम्ही घेत नाही, येऊन नाव सांगायचं आणि थांबायचं, म्हणाली. मी म्हटलं, मॅनेजरना सांगा, चष्मेवाल्यांचा फोन आहे. ती म्हणाली, कुठले चष्मेवाले? फोन ठेवला. नोकरांशी कशाला डोकं लावायचं.

ग्रुपवर लिहिलं: रेस्टॉरंटशी बोलणं झालंय. झालंच होतं.

लंबूने लगेच विचारलं, खिडकीजवळचंच ना? मला नुसतं बसून रस्त्यावरची माणसं बघायचीत. मी अंगठा पाठवला.

शनिवार, ८ मार्च

संकल्प: उद्या सगळ्यांच्या आधी पोचायचं. मॅनेजरला बाजूला घेऊन दोन शब्द बोलायचे. आज रात्री हलकं जेवायचं, म्हणजे उद्या न्याय देता येईल.

लंबूने बहिणीकडून शर्ट इस्त्री करून घेतलाय म्हणे. चार वेळा विचारलं, किती वाजता.

रविवार, ९ मार्च, दुपार

आधी पोचायचं होतं ते जमलं नाही. काल हलकं जेवल्यामुळे रात्री झोप लागली नाही, मग सकाळी उठवेना. मी आणि बायको पोचलो तेव्हा तिघं आलेले होते. रांग दारापासून औषधाच्या दुकानापर्यंत. लंबू फुटपाथवर खांबाला टेकून उभा, पांढरा कडक शर्ट, हातात काठी. मला बघून म्हणाला, आला रे आपला वशिला.

मी म्हटलं, पाच मिनिटं द्या. आत शिरलो.

मॅनेजर दारातच होता. मी हसून हात पुढे केला. त्याने माझ्या डोक्यावरून मागच्या माणसाला विचारलं, किती जण? चष्मा लावला नव्हता त्याने. मग ओळखणार कसा? आम्ही एवढी मेहनत घेऊन चष्मे बनवतो आणि लोक ते घरी ठेवून येतात.

तेवढ्यात एक एप्रनवाली बाई आली. विचारलं, एकटेच का? मी हो म्हटलं. त्या क्षणी मी एकटाच होतो. तिने काउंटरजवळच्या उंच स्टुलावर बसवलं. मी विचार केला, बरं झालं. इथून मॅनेजर सतत नजरेत राहील, सवड मिळाली की पकडता येईल. बसल्यावर काही न मागवणं बरं दिसत नाही म्हणून कॉफी सांगितली. कॉफीबरोबर काय, असं तिने विचारलं. लोक वाट बघत असताना जास्त विचार करून तिचा खोळंबा करणं योग्य नव्हतं. अंडी, टोस्ट, मशरूम म्हटलं.

गरमागरम आलं. टाकून देणार का?

आणि खरं तर चव बघून ठेवणं गरजेचंच होतं. लंबू आजारातून उठलाय, त्याला सोसेल का हे कोणीतरी बघायला नको?

स्टूल बरंच उंच होतं आणि मागची सगळी भिंत काचेची होती, हे बाहेर पडताना लक्षात आलं.

बाहेर लंबू अजून खांबाला टेकूनच. शर्ट पाठीला चिकटलेला. मी म्हटलं, मॅनेजरने खूप प्रयत्न केले, पण किचनमध्ये गॅसचा प्रॉब्लेम झालाय, आज काही होणार नाही. तेवढ्यात माझ्या मागून एक वेटर चार ताटं घेऊन फुटपाथवरच्या टेबलाकडे गेला.

दातवालीने तोंड उघडलं आणि लंबूकडे बघून मिटलं. लंबूने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, खिशातून घडीचा रुमाल काढला आणि माझ्यापुढे धरला. हळूच म्हणाला, मिशीला लागलंय.

पुसलं. पिवळं होतं.

मग मास्तरने बेकरीतून पाव आणला आणि त्याच्या गाडीत बसून सगळ्यांनी खाल्ला. मी म्हटलं, मला भूक नाही. ते सगळ्यांनी लगेच मान्य केलं.

रविवार, संध्याकाळ

नीट विचार केला. कॉफी दिसली असेल, फार तर. पाठ होती माझी. पाठीवरून माणूस खातोय की कोणाची वाट बघतोय, हे सांगता येत नाही.

रुमाल माझ्याकडेच राहिलाय. धुवायला टाकला. बायकोने तो बादलीतून काढून बाजूला ठेवला आणि म्हणाली, हा तू धू.

सोमवार, १० मार्च

ग्रुपवर सामसूम. मी एक विनोद टाकला. सगळ्यांनी वाचला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं व्हायला नको, म्हणून दुसराही टाकला.

मंगळवार, ११ मार्च

संकल्प: लंबूला फोन करून एकदाच मोकळं व्हायचं. काय बोलायचं ते तयार केलं. शुगर कमी झाली होती, चक्कर आली, एप्रनवाल्या बाईने बळेबळे खायला घातलं. दुकानातल्या आरशासमोर म्हणून पाहिलं. चांगलं वाटत होतं. मग फ्रेम लावून बघायला आरशापाशी आलेल्या एक बाई मागे उभ्या आहेत हे दिसलं. त्या म्हणाल्या, मी नंतर येते.

फोन केला नाही.

बुधवार, १२ मार्च

संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मी शुगरचं सांगितलं. आधी तिला पटतंय का बघावं म्हणून.

तिने घडी थांबवली नाही. म्हणाली, टेबल मिळालं होतं.

मी म्हटलं, कुठलं?

म्हणाली, दातवालीने आल्या आल्याच दारात नाव सांगून ठेवलं होतं. तुझ्या वशिल्यावर कोण विसंबून राहणार? तू आत खात होतास तेव्हा आमचं नाव पुकारलं. खिडकीजवळचं.

मग आत का नाही आलात, मी विचारलं.

तर म्हणाली, आम्ही निघालोच होतो. लंबूने अडवलं. म्हणाला, आत्ता आत गेलो तर याला तोंड लपवायला जागा राहणार नाही. खाऊ दे त्याला सावकाश. आपण इथेच थांबू. मग मागच्या लोकांना टेबल दिलं आणि तू यायची वाट बघत उभे राहिलो.

मी गॅलरीत गेलो. लंबूला फोन लावला. शुगरचं सगळं तयार होतं.

मी काही बोलायच्या आतच त्याने विचारलं, अंडी कशी होती रे?

चांगली होती, मी म्हटलं.

तो म्हणाला, बरं झालं. तू एवढा वेळ लावलास, म्हणजे चांगलीच असणार. मला मात्र नंतर नंतर उभं राहवत नव्हतं.

मी हो म्हटलं. शुगरचं राहूनच गेलं.