गुडघ्यापासून खाली

३ मार्च, मंगळवार

— पुन्हा मान वर केली! मी औषधाची बाटली शोधेपर्यंत दोनदा. शेवटी दोन्ही हातांनी डोकं धरून खाली दाबलं. बाबा म्हणाले, "बापाचं डोकं दाबतेस?" म्हटलं, "दाबते. डॉक्टरीणबाईंची परवानगी आहे."

नियम इथे लिहून ठेवते, म्हणजे वाद नको. उजव्या डोळ्याचा मागचा पडदा सुटला होता. काल शस्त्रक्रिया करून आत वायूचा बुडबुडा सोडलाय. बुडबुडा वर चढतो. मान खाली असली तर तो पडद्याला दाबून धरतो. म्हणून बारा दिवस मान खाली. तासातली पंचेचाळीस मिनिटं. जेवण, थेंब, दाढी, भांडण — सगळं उरलेल्या पंधरा मिनिटांत.

डावा डोळा लहानपणापासून अधू. तीन-चार हातांपलीकडे धुकं; अलीकडचं दिसतं, पण त्यावर कात्रीची रेघ धरता येत नाही. बाबा शिंपी आहेत. उजवा हा त्यांचा कापायचा डोळा. तो गेला तर कात्री गेली. हे घरात कुणी बोललेलं नाही.

४ मार्च, बुधवार

दिवसभर पालथे. म्हणतात, फरशी पाठ झाली. तिच्यात काही कथानक नाही.

संध्याकाळी काजेकाका वर आले. खालच्या दुकानात तीस वर्षं तेच हाताने काजं करतात, बटणं लावतात. पलंगाशी उकिडवे बसले, बाबांना त्यांचं तोंड दिसावं म्हणून.

"मास्तर, जन्मभर गिऱ्हाइकांना 'सरळ उभे राहा' म्हणालास. आता भोग."

बाबा हसले नाहीत. म्हणाले, "मला नाही जमायचं हे. बारा दिवस! परवा उठून बसणार मी." काका उठले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "याला खाली आण. इथे हा वेडा होईल."

५ मार्च, गुरुवार

आणलं. कल्पना काकांची, खुर्ची माझी. खुर्ची दुकानाच्या दारात उलटी ठेवली. तिच्या पाठीवर इस्त्रीची गादी बांधली, गादीवर बाबांचं कपाळ. दार फुटपाथपासून दोन पायऱ्या वर. शेजारी बसथांबा. माणसं अगदी जवळून जातात. बाबांना ती डाव्या डोळ्याने गुडघ्यापासून खाली दिसतात. वर काही नाही.

मी पायरीवर. मांडीवर मुद्रितं. साहित्य शिकले आणि आता दुसऱ्यांच्या छापील चुका काढते — ते काम पायरीवरही होतं.

पंधरा मिनिटं गेली. मग गादीतून आवाज आला.

"ही मुडप कुणी घातलीय?"

"कसली?"

"आत्ता गेला त्याच्या पॅन्टची. खालची दुमड. डावी पाव इंच लांब. आळशी माणूस!"

"घालणारा की शिवणारा?"

"दोघंही."

दिवसभरात एकदाही मान वर केली नाही.

६ मार्च, शुक्रवार

आता खेळ झालाय. बाबा खालचं बघून वरचं सांगतात. मी वर बघून खरं-खोटं सांगते.

काळी पॅन्ट, कडक इस्त्री, चकचकीत बूट — आणि मोजे पिवळेधमक! बाबा म्हणाले, "वर सगळं राखाडी असणार. साहेबाची नजर टेबलाखाली जात नाही, तेवढ्या जागेत हा जगतो." बघितलं. राखाडी कोट, राखाडी टाय, केसही तसेच. नाव पडलं पिवळे मोजे.

शाळेतली मुलगी. स्कर्टच्या काठाला जुन्या घडीच्या दोन फिकट रेघा. "दोनदा सोडवलाय. अजून एक इंच आत राखलाय. आई विचारी आहे," बाबा म्हणाले. वर काय आहे ते विचारलंच नाही.

जीन्स फाटलेली, गुडघ्यावर. मला वाटलं आता बडबडतील. उलट खूश. "फाटलेली नाही, फाडलीय. उभे दोरे काढून टाकलेत, आडवे राखलेत. जिनं केलं तिला कापड कळतं." कॉलेजातली मुलगी होती. कानात सेफ्टी पिना. मी सांगितलं. बाबा म्हणाले, "पिना किती?" "चार." "सारख्या अंतरावर?" होत्या.

८ मार्च, रविवार

पिवळे मोजे आज सुट्टीच्या दिवशीही आले. मोजे पांढरे. पॅन्ट मात्र पोपटी! बाबांना दिवसभर पुरलं.

९ मार्च, सोमवार

एक बाई रोज अकराच्या बसला असते. पुरुषाची पॅन्ट, दोनदा दुमडून घातलेली, टाके नाहीत, नुसती दुमड. बाबा म्हणाले, "नवऱ्याची आहे." मग थोड्या वेळाने, "कापायला मन होत नाहीये तिचं."

मी वर बघितलं. कोटही त्याचाच. खांद्यावरून चार बोटं उतरलेला. पण गळ्याला लाल रुमाल, ओठांना तसाच लाल रंग. मी सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "लाल कसला? विटकरी की मिरचीचा?" म्हटलं, मिरचीचा. "मग ठीक आहे ती."

माझ्याही पॅन्टची दखल घेतली गेली. "ही तीन वर्षं तीच आहे." काका आतून ओरडले, "मुलगी शिंप्याची, कपडे पोस्टमनचे!" खाकीसुद्धा नाही, म्हटलं, हिला रंगच नाही. बाबा म्हणाले, "तेच तर." त्यांना मला काही शिवायचं असतं. मी दरवेळी पुढच्या महिन्यावर ढकलते.

१० मार्च, मंगळवार

वाईट दिवस. सकाळपासून उजव्या डोळ्यात ठणका. डॉक्टरीणबाईंना फोन केला. होतं असं, म्हणाल्या. मान तेवढी खाली ठेवा.

बाबा गादीवर कपाळ टेकून होते, पण बघत नव्हते. पिवळे मोजे आले (केशरी), तरी काही नाही. दुपारी म्हणाले, "बास झालं. गेला तर गेला डोळा. मान मोडायची वेळ आलीय." मी त्यांची पाठ चोळली. पाठ एवढी हडकुळी कधी झाली!

मग ती आली. हिरवा घेरदार स्कर्ट. बाबांचे पाय खुर्चीखाली हलले.

"थांब. तो काठ बघ. घेर पूर्ण गोल आहे. अशा घेरात कापड तिरकं येतं, तिथे ते लोंबतं. उरेब म्हणतो आम्ही. हिचं लोंबलेलं नाही. म्हणजे शिवून आठवडाभर टांगून ठेवला, लोंबू दिला, मग काठ सारखा केला. घाईच्या माणसाचं काम नव्हे हे." आवाज परत आला होता. "वर रेशमी ब्लाउज असणार. फिका. बटणं मोत्याची. सावकाश चालणारी बाई."

मी वर बघितलं. कुरियर कंपनीचा ढगळ टी-शर्ट, पाठीवर नंबर. दोन्ही हातांत खोकी, हनुवटीखाली तिसरं. पावतीचा कागद दातांत.

"बरोबर," मी म्हटलं.

"खरंच?"

"अगदी. रेशमी. मोत्याची बटणं."

बाबा संध्याकाळपर्यंत मजेत होते. मला वाटलं, चांगलं केलं.

११ मार्च, बुधवार

आज आणखी तीनदा खोटं बोलले. एकदा लागली की सवय सोपी असते. बाबांनी म्हटलं म्हणून दाढीवाल्याला टोपी दिली, नर्सबाईंना छत्री. बाबा प्रत्येक वेळी फक्त "हं" म्हणाले.

१२ मार्च, गुरुवार

मन थाऱ्यावर नाही. तरी लिहिते.

दुपारी छापखान्याचा फोन आला, वर गेले. एका पानावरून वाद. काका दोरा आणायला बाजारात गेले होते. मी खाली आले तर खुर्ची रिकामी!

कोपऱ्यावर सापडले. पार्सलवाली पायरीवर बसली होती, हिरवा स्कर्ट मांडीवर पसरून. बाबा तिच्यासमोर उभे — ताठ, मान वर, एक डोळा झाकलेला, दुसरा बारीक केलेला. हातात तिच्या स्कर्टचा काठ. दोघं हसत होते.

"पोरी, हा टेबलावरचा कपडा होता! गोल टेबलाचा! मध्ये नुसतं भोक पाडलंय हिनं!"

"भोक नाही हो, नीट मापून कापलंय," पार्सलवाली म्हणाली.

"आणि टांगून ठेवलास किती दिवस?"

"नऊ. दाराला. येता-जाता डोक्याला लागायचा." मग माझ्याकडे बघून, "टी-शर्ट कंपनीचा घालावा लागतो. खालचं कुणी काही लिहिलेलं नाही करारात."

मी विचारलं, किती वेळ झाला? ती म्हणाली, "चाळीसेक मिनिटं? काका फार गोड बोलतात." मग तिनं माझा चेहरा बघितला आणि बाबांच्या हातातून काठ सोडवून घेतला.

घरी येताना बाबांची मान खाली होती. मी धरली नव्हती.

१४ मार्च, शनिवार

बारा दिवस संपले. त्या चाळीस मिनिटांबद्दल आम्ही दोघं बोललेलो नाही. बाबा खुर्चीत सरळ बसायला लागले, आणि आता रस्ता बघत नाहीत. उजव्या डोळ्यात अजून बुडबुडा आहे. त्याच्यातून बघणं म्हणजे पाण्याखालून बघणं, म्हणतात.

पार्सलवाली रोज दारातून डोकावते. "काकांचं बरं आहे ना?" मी हो म्हणते.

२४ मार्च, मंगळवार

बुडबुडा विरला. तपासणी झाली. पडदा चिकटलाय! डॉक्टरीणबाई हे म्हणाल्या तेव्हा मी बाबांचा हात एवढा दाबला की ते कळवळले.

मग बाईंनी चौकटींचा कागद पुढे धरला. वहीला असतात तशा चौकटी.

"रेघा कशा दिसतात?"

बाबा बराच वेळ बघत राहिले. "वाकड्या. पाण्यात दोरा टाकावा तशा."

काही महिन्यांत कमी होईल. कदाचित. कदाचित अशाच राहतील. बाबांना बाहेर बसवून मी परत आत गेले आणि चाळीस मिनिटांचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "त्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. असं एरवीही होतं." "त्यामुळे नाही झालं, असं म्हणाल?" त्यांनी कागद फाइलमध्ये ठेवला. "तेही नाही म्हणता येत."

२६ मार्च, गुरुवार

बाबांनी आज पट्टी ठेवून खडूची रेघ मारली. पट्टीच वाकडी दिसते म्हणाले. म्हणून ते मनाने ती सरळ करायला गेले, आणि कात्री वळली. चार सूत, म्हणजे अर्धा इंच, आत. बाही वाया.

काकांनी तो तुकडा गुपचूप आपल्या खिशात कोंबला. बाबा म्हणाले, "लपवतोस काय? तुझा खिसा फुगलाय, तेवढं दिसतं मला."

कात्री पुसली, तेल लावलं, कापडात गुंडाळून ठेवून दिली. "तू काजं कर, मी हिशेब बघेन," काकांना म्हणाले. काका म्हणाले, "तुला बेरीज येत नाही मास्तर." कुणी हसलं नाही.

२९ मार्च, रविवार

आज सांगून टाकलं. बाबा खिडकीशी बसले होते, मी त्यांच्यासमोर फरशीवर.

"मी खोटं बोलले होते. त्या हिरव्या स्कर्टच्या दिवशी. तुम्ही खचला होता म्हणून. ते खोटं नसतं तर तुम्ही उठला नसता."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. आधी प्रत्येक वेळी तू जरा थांबायचीस. बघायचीस, मग सांगायचीस. त्या दिवशी थांबलीच नाहीस. आणि बुटांच्या नाड्या दोन रंगांच्या होत्या तिच्या. मोत्याच्या बटणांची बाई अशा नाड्या बांधत नाही. दुसऱ्या दिवशी तर तू बरोबर-बरोबरचा सपाटाच लावलास. एवढा मी हुशार नाही गं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुला किती मजा येत होती!" मग म्हणाले, "मला खरं बघायचं होतं, म्हणून उठलो. तुझ्यामुळे नाही. एवढी घाईची बाई, आणि काठासाठी नऊ दिवस थांबते. ते बघायला मी परत उठेन."

"डोळा गेला तरी?"

बाबा पुढे वाकले. माझ्या बाहीचा काठ दोन बोटांत धरून चोळत बसले. "हे कापड वाईट नाही," म्हणाले. "शिवलंय वाईट."

माझं रडू आवरलं नाही. त्यांनी बाही सोडली नाही.

३० मार्च, सोमवार

सकाळी आठला बाबांनी दुकान उघडलं. टेबलावर कापड पसरलं, त्यातला एक आडवा धागा टोकापासून टोकापर्यंत ओढून काढला. डोळे मिटले. धागा निघाला होता त्या फटीवर अंगठ्याचं नख टेकवलं आणि नखामागोमाग कात्री चालवली. काकांनी पट्टी लावून बघितलं. एक सूत वाकडं होतं. "सरळ आहे," काका म्हणाले. बाबांनी कापलेल्या काठावरून बोट फिरवलं. "एक सूत गेलंय. खोटं बोलू नकोस. दुसरं कापड दे."