गोळीला सुट्टी

२ तारीख, सकाळ
डॉक्टरांचं तेच पालुपद. मन शांत करणारी गोळी रोज रात्री, ठरल्या वेळी. मनाने बंद करायची नाही. संध्याकाळी चहा नको, दुपारी डुलकी नको. मग माणसाने जगायचं कशासाठी? मी शिवणकारखान्यातला कटिंग मास्टर. कापडाचे थरच्या थर एका दमात कापतो. एवढीशी गोळी मला काय शिकवणार.

४ तारीख
तोंड कोरडं. भूक मात्र राक्षसाची. ही म्हणते, पोट सुटलंय. साफ चूक. पँट आटलीय. ही त्याच कारखान्यात शिलाईला असते, पण कापडातलं मला कळतं.

५ तारीख
सकाळी डोकं जड. मालक म्हणाले, मास्तर, मशीनवर पेंगताना दिसलात तर बटणं मोजायला बसवीन. मशीन गेलं तर माझ्यात उरतं काय? निर्णय झाला. गोळी बंद.

६ तारीख
रात्रभर टक्क जागा. म्हणजे अंगात ताकद आली. माझ्या येरझाऱ्यांमुळे हीसुद्धा जागी म्हणे. खरं तर गोळीची गरज हिलाच आहे.

८ तारीख
अजून जागाच. हात थरथरतात. उत्साह असणार. औषधवाल्याला सहज विचारलं. म्हणाला, अशी एकदम सोडली की झोप पार उडते, डॉक्टरांना फोन करा. गोळ्या विकणारा दुसरं काय सांगणार.

९ तारीख
युक्ती सापडली! रात्री घेतली की सकाळी झोप येते. मग सकाळी घेतली की रात्री येईल. साधा हिशेब. डॉक्टर एवढे शिकले, पण हे सुचलं नाही.

१० तारीख, दुपार
सकाळी गोळी घेऊन कामावर गेलो. हिशेब किंचित हुकला. बाह्या कापताना कापडाचा एक थर सुलटा, एक उलटा टाकायचा, म्हणजे डावी-उजवी जोडी निघते. मी सगळे सुलटे टाकले. अख्ख्या लॉटला डाव्याच बाह्या. कापणी मात्र अशी की एक दोरा इकडचा तिकडे नाही. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.
पहिला शर्ट नेमका हिच्याच हाती आला. विचारायला आली, अहो, उजवी कुठंय? मी म्हटलं, तुझ्या मशीनखाली बघ. बिचारीने खरंच वाकून बघितलं.

संध्याकाळ
मालक ओरडले नाहीत. माझा लोखंडी जाळीचा हातमोजा मागितला आणि मलाच दाखवला. अंगठ्यापाशी कड्या तुटलेल्या. पातं कधी लागलं, मला पत्ताच नाही. घाबरलो. म्हटलं, हातमोजा जुना झालाय. मालक म्हणाले, गेल्याच महिन्यात घेतलाय. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणेपर्यंत बटणं.

११ तारीख
डॉक्टरांना जाब विचारायला गेलो. ही सोबत. त्यांनी विचारलं, गोळी कशी घेता? मी म्हटलं, तुम्ही सांगितलीत तश्शी. हिने पर्समधून एक डावी बाही काढून टेबलावर ठेवली. घरचा भेदी.
डॉक्टर म्हणाले, सकाळी जड वाटतं हे मला सांगायचं होतं, गोळी बदलता येते. बदलून दिली. म्हणाले, नीट झोपायला लागलात की मग सर्टिफिकेट. मी म्हटलं, विचार करीन.

१२ तारीख, सकाळ
रात्री गोळी घेतली. निषेध म्हणून. हिला बजावलं होतं, नव्या गोळीचा काही उपयोग नाही, रात्रभर जागून दाखवतो. उठल्यावर विचारलं, कुठवर जागा होतो मी? म्हणाली, कुणास ठाऊक, कितीतरी दिवसांनी मलाच झोप लागली होती.
चहा मीच टाकला.