माय, तिसरी खाट सांगितली

डेहराडून

माय, तुयी उज्ज्वला दुरूनच पाया पडते.

मी मजेत आहो, जेवण वेळेवर होते. केनवडच्या बाजारात वांगे खपले का?

आपली पहाडातली वाट मी ठरवली होती. दिवसा चालाचं, संध्याकाळी मुक्कामाच्या झोपडीत झोपाचं. प्रत्येक झोपडीत दोनच खाटा सांगितल्या होत्या, एक तुयी अन् एक मायी. अन् तू फोनवर म्हणतं, "वैजयंतीबी येते मंग."

खरं सांगतो, मले लय राग आला. वहिनी रोजच तुयाजवळ असते. हे थोडे दिवस तरी तू माया एकटीची पाह्यजे होती.

काल वहिनीलेच फोन करून भांडली. ते म्हणे, "ताई, आईचा गुडघा सुजून राह्यला. मी रोज तेल चोळतो, म्हणून येतो म्हटलं."

मले काहून नाही सांगतलं, माय? सुनेले माहीत, अन् पोटच्या पोरीले नाही! डॉक्टरले दाखवलं का?

आता मी मोठे चढ काढून टाकले, तिसरी खाटबी सांगितली. वहिनीले खुशाल आण. पण पहाडात तुया गुडघ्याले तेल मी चोळीन, तिनं बसून पाहाचं.

तुयीच,
उज्ज्वला