रोझीने परत केलेलं केकचं भांडं

रविवार, दिवेलागणीला. नाताळ होऊन चार दिवस झाले.

माझी जुनी मैत्रीण रोझी तिच्या गास गावाहून माझं केकचं भांडं परत द्यायला आली. दारातूनच म्हणाली, "यंदा केक केलाच नाय गो, शैला. गुडघे दुखतात." चहाही न घेता गेली.

दर नाताळला हे भांडं तिच्याकडे जातं आणि केकचा तुकडा घेऊन परत येतं. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, हे माझ्या सुनेला तिनेच शिकवलं. आज रिकामं आलं. पण लखलखीत, आणि व्हिनेगरचा वास. केक केलाच नाही, तर घासलं कशाला?

करपलेल्या भांड्याला खाण्याचा सोडा फासून ठेवायचा, मग वर व्हिनेगर ओतायचं, ही युक्ती तिचीच. मागच्या महिन्यात मी ती वर्तमानपत्रातल्या माझ्या सदरात लिहिली. आज तिने ती माझ्यावरच वापरली.

म्हणजे केक सगळीकडे वाटला, फक्त आम्हाला वगळलं? उद्या सदराचा मजकूर द्यायचाय आणि एक ओळ सुचत नाही.

शेवटी भांडं दिव्याखाली धरलं. दुमडलेल्या कडेखाली काहीतरी काळं, कडक. नखाने थोडं उकरलं. करपलेला केक, त्यात मनुका.

जळला, एवढं सांगायला काय झालं होतं? तीस वर्षांत मी कधी हसले तिला? वगळलं असतं तर भांडले तरी असते. माझ्यापासून लपवलं, हे जास्त लागलं.

कडेखालचं उरलेलं काढलं नाही. पुढच्या नाताळला भांडं असंच पाठवीन; मला कळलंय, हे तिला कळू दे.