मंजिष्ठेचा लाल कुणी मारला

सूनबाई,

मी मुळंवालीकडे निघालोय. शोधाशोध करू नकोस आणि नवऱ्याला कामावर फोन करून घाबरवूही नकोस.

परवा शालींवर लालाऐवजी कथ्थई रंग चढला, तेव्हा तिनं मंजिष्ठेची किडलेली मुळं आपल्या गळ्यात मारली असं मी म्हणालो. वर कीड बोटाएवढी होती, मिशा होत्या तिला, हेही ठोकून दिलं! तू भाबडी, तुला पटलं. काल तिला तू दारातूनच सुनावलंस, "पुन्हा आमची पायरी चढू नका." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी मूग गिळून बसलो.

आता खरं ऐक. मुळं उत्तम होती. पातेल्यापाशी माझा डोळा लागला आणि पाणी खळखळून उकळलं. मंजिष्ठा उकळली की तिचा लाल मरतो, हे जगाला शिकवणारा मीच. तू मला रंगकामातून उठवशील म्हणून घाबरलो. पण वैद्यही औषधाला तिच्याचकडून मुळं नेतात. माझी थाप त्यांच्या कानावर गेली, तर तिनं खायचं काय?

म्हणून आधी तिच्या घरी, मग वैद्यांकडे जाऊन सगळं कबूल करणार. तिनं झाडू उगारला तरी हलणार नाही.

उरलेली मुळं भिजत घातली आहेत, तशीच राहू दे. संध्याकाळी पुन्हा रंगवायला घेऊ. तू माझ्या शेजारी बस. माझी मान खाली गेली की चिमटा काढ. चांगला जोरात.

– मामंजी