पाच प्रश्नांचा कागद

मुखेड,
रविवार, दुपार

प्रिय नागसेनदादा,

सप्रेम जय भीम.

तू इस्लापूरच्या शाळेवर बदली मागून घेतलीस, त्याला परवा सात महिने झाले. घरचं काही कळवू नकोस, असं तू जाताना म्हणाला होतास आणि मी आजवर कळवलं नाही. तुझा फोन येतो, तू माझ्या परीक्षेविषयी विचारतोस, मी उत्तर देते. अण्णा शेजारीच बसलेले असतात, तरी त्यांना फोन दे, असं तू म्हणत नाहीस. तेही हात पुढे करत नाहीत, फक्त टीव्हीचा आवाज कमी करतात. आज पत्र लिहिते आहे, कारण जे सांगायचं आहे ते फोनवर सांगू लागले की माझा आवाज तोंडातच राहतो. हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

घरी सगळं ठीक आहे. हे वाक्य सवयीने लिहिलं गेलं, खोडत नाही. अण्णा सकाळी एसटीच्या आगारात जातात, गाड्यांच्या खाली आडवं होऊन काम करतात, संध्याकाळी कोपरापर्यंत हात धुतात. मी शुक्रवारी विद्यापीठातून येते आणि सोमवारी नांदेडला परतते. स्वयंपाक होतो, जेवणं होतात. मला रडू येत नाही. येत नाही याचं वाईटही वाटत नाही, फक्त लक्षात येतं. आईचा फोटो समोरच्या भिंतीवर लावला आहे. येणारी माणसं म्हणतात, चांगुणाबाई फोटोत किती भरलेल्या दिसतात. त्या फोटोविषयी पुढे लिहीनच.

आपल्या घरात आलेला प्रत्येक कागद आधी माझ्या हातात दिला जायचा, आठवतं? मी चौथीत असल्यापासूनची ही रीत. विजेचं बिल, दाखल्याचा अर्ज, आगारातली नोटीस, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं. पुढे गल्लीतली माणसंही कागद घेऊन ओट्यावर येऊन बसू लागली. दहावीला मराठी माध्यमातून मी तालुक्यात पहिली आले, वर्तमानपत्रात फोटो छापून आला, तेव्हा अण्णांनी जाहीरच करून टाकलं, "मनीनं वाचलं म्हंजे झालं. आता कुण्या वकिलाला इचारायची गरज न्हाई." तू मला "तहसीलदारीणबाई" म्हणून चिडवायचास. मला ते सगळं आवडायचं. कागद उलट बोलत नाही, डोळ्यांत पाहत नाही, म्हणून ते काम मला जमत होतं. कागदातली चूक मी क्षणात शोधत असे. माणसाला मात्र तोंडावर काही विचारणं मला कधीच जमलं नाही.

आईची बोटं संधिवाताने आखडू लागली तेव्हा तू देगलूरच्या शाळेवर होतास. रक्तदाबाच्या गोळ्या तिला आधीपासूनच होत्या. आयुर्वेदाचा उपचार घेऊन पाहावा असं तिच्या मनात होतं, म्हणून नांदेडच्या डॉक्टर देविका मी शोधून काढल्या. त्यांच्या चिठ्ठीवर पदवी आणि नोंदणी क्रमांक स्पष्ट छापलेला होता. तो मी राज्याच्या वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत ताडून पाहिला, नावासकट जुळला. त्यांनी आईला अर्धा तास तपासलं. रक्तदाबाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, असं दोनदा बजावलं. जुने सगळे रिपोर्ट मागितले, रक्त-लघवीची तपासणी लिहून दिली, प्रत्येक औषधाचं नाव आमच्यासमोर वाचून दाखवलं. दुखणं कमी होईल पण आजार मुळासकट जाईल असं मी सांगणार नाही, आणि सांधे वाकडे होऊ लागले तर मीच तुम्हाला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवीन, असंही त्या म्हणाल्या. परत येताना गाडीत आई कुरकुरली, "ही डाक्टरीण हाय का शाळंतली बाई? नुसते कागदच मागती. बरं हुईल म्हणून एकदा तरी म्हणावं की मानसानं!" आम्ही तिघेही हसलो. आपल्याला काय येत नाही हे जिने प्रामाणिकपणे सांगितलं, ती आम्हाला त्याच कारणासाठी कमी वाटली. दोन महिन्यांनी आम्ही तिकडे जाणं सोडलं.

बापूसाहेबांचं नाव समोरच्या बसम्माने आणलं. ती ओट्यावर उभी राहून गुडघा वाकवून दाखवत होती. "माझ्याकडं बघ की चांगुणा, जिना चढायलेय मी! चाळीस दिवसांत. आन् तू अजून त्या नांदेडवालीचे काढे उकळत बस." शिरूर अनंतपाळच्या बाहेर त्यांचं निसर्गोपचार केंद्र होतं. आई लगेच निघायला तयार झाली. अण्णा मात्र म्हणाले, "आधी मनी बघंल. तिनं हाव म्हणलं तरच." तिकडे जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी वहीचा एक कागद फाडून त्यावर पाच प्रश्न लिहिले. आपली पदवी कोणती आणि कोणत्या महाविद्यालयाची? नोंदणी क्रमांक काय? औषधात काय काय आहे आणि ते लिहून द्याल का? चालू गोळ्यांचं काय करायचं? आणि कोणता आजार असेल तर रुग्णाला तुम्ही दुसरीकडे पाठवता? प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरासाठी पट्टीने रेघ आखली.

उदगीरला गाडी बदलून आम्ही तिथे पोचलो. सतरंजीवर तीस-चाळीस माणसं बसली होती. भिंतीवर सोनेरी काठाच्या अकरा चौकटी होत्या. नंबर येईपर्यंत त्या सगळ्या मी वाचल्या. चार सामाजिक संस्थांचे सत्कार होते, तीन शिबिरांना हजर राहिल्याची प्रमाणपत्रं होती, तीन मंत्र्यासंत्र्यांबरोबरचे फोटो होते आणि एकात वैद्य ही पदवी होती. ती देणाऱ्या संस्थेच्या पत्त्यात गावाऐवजी फक्त टपालपेटीचा क्रमांक होता. नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता. हे मला नंतर सुचलेलं नाही, दादा. तिथे उभी असतानाच माझ्या लक्षात आलं होतं.

तेवढ्यात बापूसाहेबांनी मला ओळखलं. "अरे, ही तर पेपरातली मुलगी! मुखेडची ना?" त्यांनी आपल्या शेजारी खुर्ची मांडायला सांगितली, माझ्या अंगावर शाल घातली, सतरंजीवरच्या सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. "ही सावित्रीची लेक आहे बरं का. असं वाचणारं लेकरू ज्या घरात आहे, त्या घराला मी काय फसवणार?" सगळे हसले. आईने पदर डोळ्यांना लावला. अण्णा ताठ बसले होते. माझ्या पहिल्या बक्षिसाच्या वेळी बसले होते ना, तसेच. मग बापूसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "विचार बाळ, काही विचारायचं असेल तर मोकळेपणाने विचार." कागद माझ्या मुठीत होता. शाल गरम होत होती. समोरची चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. त्यानंतर ते आईशी बोलले. राखाडी चूर्णाच्या, काहीही न लिहिलेल्या चाळीस पुड्या दिल्या. दोन्हीकडची औषधं पोटात भांडतात, तेव्हा इंग्रजी गोळ्या आजपासून बंद, असं सांगितलं. आणि आम्ही बाहेर आलो.

आठ दिवसांत आईने स्वतः भाकरी थापली. तुला तिने फोन केला होता, "नागू, माझी बोटं वळायलेत बघ!" तू आनंदाने म्हणाला होतास की पुड्या संपू देऊ नका. हे तुला बोल लावण्यासाठी लिहीत नाही. त्या दिवसांत आम्ही सगळेच आनंदात होतो, एवढंच. तिला भूक लागू लागली, गाल वर आले. गल्लीतल्या पंढरीच्या लग्नात निळ्या साडीत ती कॅमेऱ्याकडे पाहून हसली, तोच हा भिंतीवरचा फोटो. त्या चूर्णात बहुधा तीव्र स्टिरॉइड मिसळलेलं असावं आणि चेहऱ्यावरची ती सूज त्याचीच, असं नांदेडच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पुढे समजावून सांगितलं. आम्ही त्या सुजेला तब्येत म्हणत होतो. फोटो बदलावा असं मला वाटलं होतं, पण ती हसते आहे असा दुसरा फोटो आपल्या घरात नाही.

पाचव्या महिन्यात तिचे पाय सुजले, मग दम लागू लागला. पुढचं तू पाहिलंस. मूत्रपिंडं निकामी झाली होती. त्यात चूर्णाचा वाटा किती आणि बंद केलेल्या गोळ्यांचा किती, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. अकरा वेळा डायलिसिस झालं. ती गेली त्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात तू अण्णांना विचारलंस, "कुणाला विचारून नेलं होतं तिला तिथं? त्या माणसाची डिग्री तरी बघितली होती का?" अण्णा म्हणाले, "न्हाई बघितली. माझ्याच मनानं नेलं." तू म्हणालास, "मग तुम्हीच मारलं तिला." मी तीन हातांवर उभी होते. पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होते. झाकण आधीच घट्ट लागलेलं होतं, तरी मी ते फिरवत होते.

आता तेच लिहायचं राहिलं, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. त्या कागदावरचा एकही प्रश्न मी विचारला नाही. परतीच्या गाडीत अण्णांनी विचारलं, "मने, इचारलंस का समदं?" मी म्हणाले, "हो. सगळं बरोबर आहे." त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. कारण मी वाचलं होतं. तू व्हरांड्यातून निघून गेल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "गप राहा मने. माझ्यावर राग धरला तर धरू दी, मी बाप हाय, सोसंल. तुला भाऊ एकच हाय." आणि मी सात महिने गप्प राहिले. मागच्या महिन्यात बापूसाहेबांविरुद्ध मी माझ्या नावाने तक्रार दिली आहे. येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता इथल्या तालुका आरोग्य कार्यालयात आमचे जबाब आहेत. आधी अण्णांचा, नंतर माझा. ते तिथेही "माझ्याच मनानं नेलं" असंच सांगणार आहेत, मी त्यांना ओळखते. त्यांच्यानंतर, त्यांच्या समोर, या पत्रात लिहिलेलं मला मोठ्याने बोलायचं आहे. आरशासमोर सराव करते. तिसऱ्या वाक्यापर्यंत आवाज निघतो. तो कागद सोबत पाठवते आहे. रेघा कोऱ्याच आहेत. तो माझ्यापाशी राहिला तर एखाद्या दिवशी मी तो फाडून टाकीन, याची भीती वाटते, म्हणून तुझ्याकडे असू दे. मला क्षमा कर असं मी म्हणत नाही, या पत्राला उत्तरही पाठवू नकोस. फक्त गुरुवारी ये. माझं बोलणं ऐकताना अण्णा तिथल्या बाकावर एकटे बसलेले नकोत. आणि हाक आधी तू मार. ते हात पुढे करणार नाहीत.

तुझीच,
मनी