चार दिवस गोल्फ, अर्धा दिवस मनोरा

४ जानेवारी, रविवार. सकाळी ६.५०
आजपासून नियमित रोजनिशी. गेल्या वर्षीची १९ जानेवारीला बंद पडली, पण त्या डायरीचा कागदच खराब होता.

मुद्दा एकच. यंदा जूनमध्ये जायचं. म्हणजे जायचंच. सहा दिवस. समुद्राकाठी गोल्फ आणि तिथून तासाभरावरच्या जुन्या शहरात साइटसीइंग. लग्नाला तीस वर्षं होतायत. लग्नानंतर लगेच त्या शहरात जायचं ठरलं होतं, तेव्हा डेपोत संप झाला. मग मुलगी झाली, मग तिची दहावी, मग माझं प्रमोशन. हिला तिथल्या घड्याळाच्या मनोऱ्यावर चढायचंय. ३११ पायऱ्या, लिफ्ट नाही. तीस वर्षांत बायकोचं हे एकच मागणं. साधी आहे बिचारी.

अख्ख्या बस डेपोचा ड्युटी चार्ट मी करतो. दोनशे बारा ड्रायव्हर-कंडक्टर माझ्या कागदावर हलतात. दोन माणसांची ट्रिप म्हणजे डाव्या हातचा मळ.

११ जानेवारी, रविवार
रेंजवर, म्हणजे गोल्फच्या सरावाच्या मैदानावर गेलो. साठ चेंडू मारले. अकरा हवेत गेले. बाकीचे जमिनीलगत, पण वेगात.

आपल्याला खेळायचंय ते लिंक्स. म्हणजे समुद्राकाठचं उघडं मैदान. झाड नाही, आडोसा नाही, नुसतं गवत, वाळू आणि वारा. खरं गोल्फ तेच, असं व्हिडिओतला माणूस सांगतो. वाऱ्यात चेंडू जमिनीलगतच मारावा लागतो. म्हणजे माझा खेळ मुळात तिथलाच आहे, इथे वाया जातोय.

कंबर धरली आहे.

१७ जानेवारी
एक्सेल उघडलं. गोल्फ तीन दिवस, शहर दोन दिवस, प्रवास मिळून एक. हिला दाखवलं. ही म्हणाली, की बरंय, पण तिकिटं काढा. म्हटलं, तिकीट ही शेवटची पायरी असते. आधी चार्ट पक्का होतो, मग गाडी सुटते. ही भाजी निवडत होती, तिने मान हलवली.

१ फेब्रुवारी, रविवार
वाऱ्याचा सराव हवा. हॉलमध्ये टेबलफॅन तीनवर ठेवून सतरंजीवर पटिंग केलं, म्हणजे चेंडू हलकेच ढकलायचा सराव. चेंडू दोनदा सोफ्याखाली, एकदा शोकेसच्या पायावर. खालच्या मजल्यावरचे निवृत्त दंतवैद्य वर आले. अतिशय सभ्यपणे म्हणाले, की तुमच्याकडे फरशीचं काम किती दिवस चालणार आहे? म्हटलं, जूनपर्यंत.

१२ फेब्रुवारी
माझ्या असिस्टंटने जूनमधली रजा मागितली. घर बदलतोय. बाकीचे ऑफिसर रजा म्हटलं की कपाळाला आठ्या घालतात. मी तारखाही न बघता सही केली. हाताखालच्या माणसावर विश्वास टाकावा लागतो. तो धन्यवाद म्हणाला आणि जाताना दोनदा मागे वळून बघून गेला. भारावला असावा.

माझ्या स्वतःच्या रजेचा प्रश्नच नाही. चार्ट करणाऱ्याचं नाव चार्टमध्ये नसतं. वीस वर्षांचा रिवाज आहे.

१ मार्च, रविवार
ही हल्ली संध्याकाळी जिना चढते-उतरते. चांगली लिफ्ट असताना. आम्ही चौथ्या मजल्यावर. आज दोन फेऱ्या. दर वेळी दाराशी येऊन कठडा धरून उभी राहते, तिचा श्वास आत ऐकू येतो आणि माझा पट हुकतो. म्हटलं, जरा सराव चाललाय. ही म्हणाली, की माझाही.

कसला, ते विचारायचं राहिलं. चेंडू कपाटाखाली गेला होता.

१५ मार्च, रविवार
त्या गोल्फ क्लबला हँडिकॅप सर्टिफिकेट लागतं. हँडिकॅप म्हणजे खेळाडू किती कच्चा आहे याचा अधिकृत आकडा. रेंजवरच्या कोचने माझे नऊ होल पाहिले, मधेच बाकावर जाऊन बसला आणि सर्टिफिकेटवर ५४ लिहिलं. ५४ हा त्यातला सर्वांत मोठा आकडा आहे. हिला सांगितलं, की पहिल्याच प्रयत्नात टॉपला गेलो. ही म्हणाली, छान, आणि गुडघ्याला शेक घ्यायला बसली.

२ एप्रिल
हाडांच्या डॉक्टरकडे हिच्याबरोबर. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ऑगस्टमध्ये. हिने विचारलं, की नंतर पायऱ्या चढता येतील ना? ते म्हणाले, घरातल्या येतील. खूप पायऱ्यांचं आत्ता काही सांगत नाही.

ऑगस्ट म्हणजे उत्तम. जून मोकळा राहिला. येताना ही रिक्षात गुडघा धरून बाहेर बघत बसली. मीही थकलो होतो. वेटिंगरूममध्ये दीड तास.

९ एप्रिल
क्लबचं उत्तर आलं. पाहुण्यांना मोठ्या मैदानावर हँडिकॅप २८ पर्यंतच. त्यापुढच्यांसाठी मागच्या बाजूला नऊ होलचं छोटं मैदान आहे, तिथे लहान मुलांसह कुटुंबांचं स्वागत आहे.

दहा मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो. नंतर विचार केला, की चार्टमध्ये गाडी कमी पडली तर फेऱ्या वाढवायच्या. तीनाऐवजी चार दिवस गोल्फ. पहिले दोन दिवस छोट्या मैदानावर, तिथे माझा खेळ बघून ते स्वतःच मोठ्यावर बोलावतील. जास्तीचा दिवस शहरातून घेतला.

२६ एप्रिल, रविवार
चार दिवस गोल्फ म्हणजे मधे एक विश्रांतीचा दिवस पाहिजे. माझं वय ५७, कंबर ७०. तोही शहरातूनच घ्यावा लागला.

ही एक्सेल बघायला चष्मा लावून आली. विचारलं, की यात मनोरा कुठे आहे? दाखवला. पहिल्या दिवशी, ८ जूनला, पोहोचल्यावर, दुपारी अर्धा दिवस, पिवळा रंग, ‘बफर’. ही म्हणाली, बफर म्हणजे काय? समजावून सांगितलं. बफर म्हणजे मोकळी ठेवलेली वेळ. गाडी उशिरा आली, टायर बसला, तर त्यातून कापायचं. बफर असतो म्हणून बाकी सगळं वेळेवर होतं.

ही म्हणाली, अस्सं. चष्मा काढून पदराने पुसला. प्लॅनिंगमध्ये तिला फारसा रस नाही.

१० मे, रविवार
आज हिच्या सहा फेऱ्या. मधल्या वेळात मेहुणीशी फोनवर. मेहुणी म्हणजे हिची मोठी बहीण, रिटायर्ड नर्स, घराबाहेर पडायला कारण लागत नाही. मी आत गेलो की बोलणं थांबतं. माझ्या वाढदिवसाचं काही चाललं असावं. वाढदिवस नोव्हेंबरात आहे, पण ह्या दोघी आधीपासून तयारी करतात.

रेंजवर ६० पैकी १४ हवेत. प्रगती.

२४ मे, रविवार
मुलीचा फोन. तिला प्लॅन-९-फायनल-खरा पाठवला होता. ती म्हणाली, की बाबा, आठ जूनला सोमवार आहे आणि मनोरा सोमवारी बंद असतो, त्यांच्या साइटवर पहिल्याच ओळीत लिहिलंय. म्हटलं, बाहेरून दिसतोच की. तिने तीच ओळ पुन्हा वाचून दाखवली. मग म्हणाली, आईला फोन द्या.

दिला. ही बाल्कनीत जाऊन बोलली. दार लावून.

२ जून, मंगळवार
लिहायला उत्साह नाही.

डेपो मॅनेजरसाहेबांकडे रजेचा अर्ज घेऊन गेलो. ८ ते १३. नुसती सही घ्यायची होती. साहेबांनी चार्ट उघडला. म्हणाले, की ह्या आठवड्यात तुमचा असिस्टंट रजेवर आहे. मंजुरी तुमचीच. तुम्हीही गेलात तर चार्ट कोण करणार, मी? म्हटलं, साहेब, माझं नाव चार्टमध्ये नसतं. साहेब म्हणाले, तेच म्हणतोय मी. जानेवारीपासून प्लॅन करताय म्हणता, मग एकदा तरी तुमची रजा ह्याच्यात लिहायची होती.

असिस्टंटला गाठलं. तो म्हणाला, की सर, मला तेव्हाच वाटलं होतं, तुम्ही जूनचं काहीतरी बोलायचात. पण तुम्ही सही इतक्या जोरात केली. ट्रक ठरलाय, सामान बांधलंय. त्याला काय बोलणार. विश्वास मीच टाकला होता.

२ जून. संध्याकाळी ७.१५
हिला सांगितलं. पूर्ण सांगितलं, साहेबांच्या वाक्यासकट. वाटलं, चिडेल. म्हटलं, आपण ऑक्टोबरमध्ये जाऊ. ही म्हणाली, ऑगस्टमध्ये गुडघा आहे. २ एप्रिलची नोंद काढून पाहिली. माझ्याच अक्षरात आहे.

ही म्हणाली, मग तुम्ही राहा.

मला वाटलं, चुकून म्हणाली. तिने कपाटातून बॅग काढली. भरलेलीच होती. तिकिटं तिने आणि मेहुणीने एप्रिलमध्येच काढलेली. माझंही काढलं होतं. मेहुणीला म्हणे माझ्या येण्याची पहिल्यापासून शंका होती, म्हणून तिचं धरून तिघांची काढली.

८ जून, सोमवार
गेल्या. स्टेशनवर सोडलं. ही म्हणाली, की डबे फ्रीजमध्ये आहेत, वरचा आधी संपवा. मेहुणी म्हणाली, भाऊजी, काळजी करू नका, बफर ठेवलाय. दोघी हसल्या. मीही हसलो. नंतर पार्किंगमध्ये गाडीत नुसताच बसून राहिलो.

ऑफिसला जाऊन चार्ट केला. सगळ्यांच्या गाड्या वेळेवर सुटल्या.

१० जून, बुधवार. दुपारी १२.२०
ऑफिसात फोटो आला. ही मनोऱ्यावर, केस उडालेले, एक हात कठड्यावर. इतकं हसताना मी हिला शेवटचं कधी पाहिलं, आठवत नाही. खाली लिहिलंय, की ३११ नाहीत, ३१४ आहेत, मी मोजल्या. वर यायला पन्नास मिनिटं लागली. डावीकडे लांब समुद्राची रेघ दिसते, तुमचं मैदान तिकडेच असेल. वारा फार आहे. जेवलात का?

एक्सेलमध्ये ३११ चे ३१४ केले. आता त्याचा उपयोग नाही, तरी केले.

१० जून. संध्याकाळी ६.४०
घरी आलो तेव्हा लिफ्ट चालू होती. जिन्याने निघालो. दुसऱ्या मजल्यापर्यंत ठीक. तिसऱ्यावर दंतवैद्यांच्या दाराशी बसावं लागलं. ही रोज सहा फेऱ्या करायची, दुखऱ्या गुडघ्याने, आणि मी आत फॅन लावून चेंडू ढकलत होतो. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

दंतवैद्य दार उघडून बाहेर आले. पाणी दिलं. म्हणाले, की दोन दिवस फरशीचं काम बंद दिसतंय. म्हटलं, संपलं. मग ते म्हणाले, वहिनीही दिसल्या नाहीत जिन्यात, कधी यायच्या आहेत?

फोनवर एक्सेल उघडलं, त्यात माझाच प्लॅन होता. तिच्या प्लॅनची कॉपी माझ्याकडे नाही. मी मागितलीच नव्हती.